मुळाशी जे ठेवलं

१९९५ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू गावी ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एक संगणकभाषा उभी केली. तेव्हा त्यांचं वय तेहतीस होतं आणि नेटस्केप कंपनीत रुजू होऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. आज आपण ब्राउझर उघडून वीजबिल भरतो, रेल्वेचं तिकीट काढतो, नकाशा मागेपुढे सरकवतो, तेव्हा पडद्यामागे तीच भाषा राबत असते. तिचं नाव जावास्क्रिप्ट.

त्या दहा दिवसांच्या वेगाचं कौतुक पुष्कळांनी केलं आहे आणि त्या घाईला नावंही पुष्कळांनी ठेवली आहेत. माझ्या लेखी ही कथा खरी सुरू होते ती अकराव्या दिवशी. घाईत मुळाशी जे ठेवलं गेलं ते नंतर कुणालाच हलवता येईना. ते न हलवता पुढे कसं जायचं, हे शिकायला मोठमोठ्या बुद्धिमान माणसांना वीसहून अधिक वर्षं लागली.

आधी तो काळ समजून घ्यायला हवा. वेबपान एकदा पडद्यावर आलं की तसंच पडून राही. फॉर्म भरायचा, बटण दाबायचं, मग मोडेम टेलिफोनच्या तारेवरून ती माहिती दूरच्या सर्व्हरकडे पाठवी, आणि बऱ्याच वेळाने उत्तर येई की अमुक रकाना रिकामा राहिला आहे, पुन्हा भरा. एवढी साधी चूक ब्राउझरला जागच्या जागी पकडता यावी, बटणावर क्लिक होताच पानाने हालचाल करावी, यासाठी पानातच लिहिता येईल अशी एक छोटी भाषा हवी होती. नेटस्केपचा नेव्हिगेटर हा तेव्हाचा आघाडीचा ब्राउझर. जिम क्लार्क आणि मार्क अँड्रीसन यांनी १९९४ मध्ये ही कंपनी काढली होती. मायक्रोसॉफ्ट आज ना उद्या मैदानात उतरणार हे तिथे सगळेच जाणून होते, त्यामुळे प्रत्येक आठवडा मोलाचा होता.

आइक यांना कंपनीने बोलावलं ते एक गोड आशा दाखवून: ब्राउझरमध्ये स्कीम बसवायची आहे. स्कीम ही गाय स्टील आणि जेराल्ड ससमन यांनी एमआयटीत १९७५ मध्ये घडवलेली भाषा. नियम मोजके, ताकद अफाट. भाषांच्या रचनेवर जीव असलेल्या माणसाला असं काम म्हणजे पर्वणीच. पण आइक येऊन स्थिरावेपर्यंत वारं फिरलं होतं. सन मायक्रोसिस्टिम्सची जावा ही नवी भाषा गाजू लागली होती आणि नेटस्केपने सनशी हातमिळवणी केली होती. मग कंपनीत प्रश्न निघाला की जावा असताना दुसरी भाषा हवीच कशाला.

या प्रश्नावर अँड्रीसन, सनचे बिल जॉय आणि आइक यांचं मत एक होतं. मोठे, गुंतागुंतीचे भाग बांधणारे प्रोग्रामर जावा वापरतील. पण वेबपान करणारी माणसं फक्त तेवढीच नसतात. एखादा शिक्षक असतो, चित्रं मांडणारा डिझायनर असतो, हौशी विद्यार्थी असतो. त्याला दोन ओळी पानात टाकून लगेच काय होतं ते पाहायचं असतं. अशा माणसाच्या हातात देण्यासाठी दुसरी भाषा हवी. या युक्तिवादात मला माणसांविषयीची खरी आस्था दिसते, आणि भाषा पुढे जगभर पसरली ती मुख्यतः या आस्थेमुळे. वरिष्ठांनी तो मानला, पण एका अटीवर: भाषा दिसायला जावासारखी असली पाहिजे. वाद मिटवायचा तर चालतं काहीतरी दाखवणं भाग होतं. म्हणून ते दहा दिवस. त्या पहिल्या रूपाचं आतलं नाव होतं मोका.

अट बाहेरच्या रूपाची होती. महिरपी कंस, अर्धविराम, इफ आणि फॉर, हे सगळं आइक यांनी सी आणि जावाच्या धाटणीचं ठेवलं. जावातले क्लास मात्र घातले नाहीत. घातले असते तर ‘मग जावाच का नको’ हा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. आतल्या बाजूला त्यांनी आपल्या आवडीच्या दोन गोष्टी रुजवल्या. स्कीममधून घेतलं की फंक्शन ही सुद्धा एक किंमतच आहे. आकड्यासारखी ती एका जागेतून दुसऱ्या जागी देता येते, नावाला जोडता येते, साठवता येते. आणि सेल्फ नावाच्या भाषेतून घेतली ऑब्जेक्टची कल्पना.

सेल्फची आखणी डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांनी १९८६ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात केली. जावासारख्या भाषेत आधी क्लास लागतो, म्हणजे आराखडा. आराखड्याबरहुकूम वस्तू घडतात आणि त्यात नसलेलं काही त्या वस्तूला स्वतःजवळ ठेवता येत नाही. उंगर आणि स्मिथ यांचा विचार वेगळा होता. आराखडा बाजूला ठेवा. एक चांगली, हाताशी असलेली वस्तू घ्या, दुसरी वस्तू तिच्या आधाराने उभी राहील.

जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट म्हणजे नावं आणि त्या नावांना जोडलेल्या किमती. ‘रंग’ या नावाला ‘निळा’, ‘रुंदी’ या नावाला १२. किंमत म्हणून फंक्शन जोडलं तर त्याला मेथड म्हणायचं. याखेरीज प्रत्येक ऑब्जेक्टच्या पोटात एक छुपा दुवा असतो. तो दुसऱ्या एका ऑब्जेक्टकडे बोट दाखवतो. तो दुसरा ऑब्जेक्ट म्हणजे पहिल्याचा प्रोटोटाइप. त्यालाही त्याचा प्रोटोटाइप असतो, त्याच्याही वर आणखी एक, असं करत साखळी एका टोकाला संपते.

घरातल्या नातवाला कुणी विचारलं, तुमच्याकडे पुरण कसं करतात? त्याला माहीत असेल तर तो सांगेल. नसेल तर आईला विचारेल, आईलाही नक्की ठाऊक नसेल तर ती आजीला. उत्तर आजीचं असतं, पण विचारणाऱ्याला ते नातवाच्या तोंडून मिळतं. ऑब्जेक्टला एखादं नाव विचारलं की अगदी हेच घडतं. आधी तो स्वतःजवळ शोधतो, नाही सापडलं तर प्रोटोटाइपकडे, तिथेही नसेल तर त्याच्या प्रोटोटाइपकडे. साखळी संपली तरी नाव सापडलं नाही, तर उत्तर येतं ‘अनडिफाइंड’.

लिहिताना गोष्ट वेगळी होते, आणि या रचनेचं सारं सौंदर्य मला त्या फरकात दिसतं. नातवाने स्वतःपुरतं पुरणात गुळाऐवजी साखर घालायचं ठरवलं तर आजीची पद्धत बदलत नाही. एखाद्या ऑब्जेक्टवर नवी किंमत लिहिली की ती सहसा त्याच्याच जवळ राहते. वरच्यांना धक्का लागत नाही, शेजारच्या भावंडांनाही नाही. वाचताना शोध वर चढतो, लिहिलेलं मात्र आपल्या घरी राहतं. वडीलधाऱ्यांचं घ्यायची पूर्ण मोकळीक, आपलं वेगळं करायचीही पूर्ण मोकळीक. इतक्या थोड्या नियमांत इतका समजूतदारपणा बसवलेली रचना संगणकाच्या जगात फार थोडी आहे.

पण समजा, आजीनेच गूळ सोडला. त्या क्षणापासून घरातल्या प्रत्येक नातवंडाकडून साखरेचंच उत्तर येईल. कालपर्यंत गूळ सांगणाऱ्याकडूनही येईल, आणि आजीने काही बदललं याचा ज्याला पत्ताच नाही त्याच्याकडूनही. एका पानावरच्या सगळ्या याद्यांचा, म्हणजे ॲरेंचा, प्रोटोटाइप एकच असतो: ॲरे डॉट प्रोटोटाइप. १९९६ च्या तिसऱ्या नेव्हिगेटरपासून ही जागा पान लिहिणाऱ्यांच्या हाती आली, आणि तिला कुलूप नव्हतं. पानावर चालणाऱ्या कुठल्याही कोडला तिथे जाऊन नवी मेथड ठेवता येत होती. आजही येते.

ती मोकळीक पुढे कुठे घेऊन गेली ते सांगण्याआधी घाईत राहून गेलेल्या गोष्टींकडे वळतो. त्या मोठ्या नव्हत्या.

जावास्क्रिप्टमध्ये ‘नल’ म्हणजे इथे काही नाही. एखाद्या किमतीचा प्रकार विचारायला ‘टाइपऑफ’ आहे. नलचा प्रकार विचारला तर उत्तर येतं ‘ऑब्जेक्ट’. काहीच नाही, तरी ते ऑब्जेक्ट! असं झालं याचं कारण पहिल्या यंत्राच्या बांधणीत आहे. प्रत्येक किमतीसोबत तिच्या प्रकाराची खूण सांगणारे काही बिट साठवलेले असत. ऑब्जेक्टची खूण शून्य होती. नलचे तर सगळेच बिट शून्य. टाइपऑफने खूण पाहिली, शून्य दिसलं, आणि ऑब्जेक्ट असं उत्तर दिलं. नल आहे का हे आधी तपासायचं राहिलं.

तारखेचं काम जावाच्या तारखेवरून जसंच्या तसं उतरवून घेतलं गेलं. त्यात जानेवारीचा क्रमांक शून्य होता आणि डिसेंबरचा अकरा. जावाने १९९७ मध्ये आपल्या तारखेच्या त्या क्लासमधल्या बऱ्याच मेथड कालबाह्य ठरवल्या. जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी शून्यच राहिला.

तिसरी गोष्ट बरोबरच्या चिन्हाची. दहा दिवस उलटल्यावर कंपनीतल्याच पहिल्या वापरकर्त्यांनी गळ घातली की आकडा आणि मजकूर म्हणून लिहिलेला आकडा यांची तुलना सहज व्हावी. आइक यांनी ती मानली. त्यातून असं झालं की शून्य हा आकडा रिकाम्या मजकुराच्या बरोबरीचा ठरतो, तोच शून्य ‘०’ या मजकुराच्याही बरोबरीचा ठरतो, पण रिकामा मजकूर आणि ‘०’ हा मजकूर मात्र एकमेकांच्या बरोबरीचे ठरत नाहीत. या मवाळपणाची खंत आइक यांनी पुढे उघडपणे बोलून दाखवली आहे. २०२० मध्ये अ‍ॅलन वर्फ्स-ब्रॉक यांच्यासोबत त्यांनी या भाषेच्या पहिल्या वीस वर्षांचा इतिहास लिहिला, त्यात उणिवांची कारणंही तपशिलाने नोंदली आहेत. आपल्या निर्मितीबद्दल इतकं खरं लिहिणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटतो.

सप्टेंबर १९९५ मध्ये भाषा लाइव्हस्क्रिप्ट या नावाने चाचणीसाठी बाहेर आली, ४ डिसेंबरला नेटस्केप आणि सन यांनी जावास्क्रिप्ट हे नाव जाहीर केलं, आणि १९९६ च्या मार्चमध्ये नेव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीसोबत ती लोकांच्या घरी पोचली. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ३ आणला. त्यात जेस्क्रिप्ट होती.

जेस्क्रिप्ट करणाऱ्यांना नेटस्केपचा कोड मिळालेला नव्हता. नेव्हिगेटर कसा वागतो हे बाहेरून पारखून त्यांनी आपलं यंत्र बांधलं. आणि पारखताना जे जसं दिसलं ते तसंच उतरवलं. नलचा प्रकार विचारला तर तिथेही उत्तर ऑब्जेक्टच. प्रतिस्पर्ध्याची चूक दुरुस्त करून त्याच्यावर मात करावी असं कुणालाही वाटेल. पण लोकांची पानं नेव्हिगेटरच्या वागण्यावर बेतलेली होती. योग्य उत्तर देणाऱ्या ब्राउझरमध्ये ती पानं मोडली असती, आणि वाचणाऱ्याने दोष ब्राउझरला दिला असता. नेव्हिगेटरची दुसरी आवृत्ती लोकांच्या घरी जाऊन सहा महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात घाईतली एक चूक दोन कंपन्यांची बांधिलकी झाली.

१९९६ च्या नोव्हेंबरमध्ये एक्मा या प्रमाणसंस्थेत भाषेचं प्रमाणीकरण सुरू झालं आणि जून १९९७ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. स्कीमचे गाय स्टील त्या मसुद्याच्या संपादनात होते. मवाळ बरोबर दुरुस्त करावं अशी आइक यांची इच्छा होती, पण आता उशीर झाला होता. मग मार्ग निघाला तो असा: दोन चिन्हांचं जुनं बरोबर आहे तसं राहू द्यायचं, आणि शेजारी तीन चिन्हांचं नवं, कडक बरोबर ठेवायचं. १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते प्रमाण झालं. जुन्याला हात न लावता त्याच्या शेजारी नवं मांडणं ही या भाषेची रीत तिथे पडली.

आता ॲरे डॉट प्रोटोटाइपच्या त्या उघड्या जागेकडे.

२००५ च्या सुमारास वेबला नवा बहर आला. जीमेल आणि गुगलचे नकाशे पाहून लोकांना कळलं की ब्राउझरमध्ये काय काय करता येतं. पण भाषेचा शिधा तुटपुंजा होता. यादीच्या पोटातल्या याद्या सोडवून सगळं एका ओळीत मांडायचं म्हटलं तरी त्यासाठी तयार मेथड नव्हती. ही उणीव तरुण, गुणी प्रोग्रामरांनी स्वतःच भरून काढली. सॅम स्टीफनसन यांची प्रोटोटाइप नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, २००५ मध्ये आली, वालेरिओ प्रोइएत्ती यांची मूटूल्स २००६ मध्ये. दोन्ही लायब्रऱ्यांनी आपल्या मेथड थेट सामायिक प्रोटोटाइपवर ठेवल्या. मूटूल्सने ॲरेच्या प्रोटोटाइपवर एक ‘फ्लॅटन’ ठेवली. लायब्ररी पानात घेतली की पानावरच्या प्रत्येक ॲरेला फ्लॅटन येऊ लागे. लिहायला सुटसुटीत, वाचायला देखणी. हजारो संकेतस्थळांनी त्या वापरल्या, आणि त्या वेळी जे कुणी हे पाहत होते त्यांना त्यात वावगं काही दिसलं नसेल तर नवल नाही.

जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये जेक्वेरी आणली तेव्हा वाट वेगळी धरली. पानावरचे घटक आपल्या स्वतःच्या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळायचे आणि सगळ्या मेथड त्या ऑब्जेक्टवर ठेवायच्या. भाषेच्या मुळाला हात लावायचा नाही. लिहिणाऱ्याला दर वेळी एक चिन्ह जास्त लिहावं लागे. फरक एवढाच वाटायचा.

दरम्यान भाषेची चौथी आवृत्ती आखली जात होती. क्लास, पॅकेज, प्रकारांच्या घोषणा, बरंच काही तिच्यात यायचं होतं. जुन्या वेबला ते किती झेपेल आणि भाषा किती फुगेल यावरून टोकाचे मतभेद झाले आणि २००८ मध्ये ती योजना सोडून द्यावी लागली. कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात गेली असं तेव्हा अनेकांना वाटलं. मला तो या कथेतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. क्लास अखेर २०१५ मध्ये आले, पण त्यांच्या तळाशी तीच प्रोटोटाइपची साखळी आहे. जुनं एकही पान त्यांच्यामुळे अडलं नाही.

मग एक्माच्या प्रमाणीकरण समितीने ॲरेला हव्या असलेल्या मेथड भाषेतच आणायला घेतल्या. एखादी गोष्ट यादीत आहे का हे सांगणारी मेथड ‘कंटेन्स’ या नावाने यायची होती. ते नाव मूटूल्सने आधीच आपल्या पद्धतीने वापरलेलं निघालं. शेवटी मेथड ‘इन्क्लुड्स’ या नावाने २०१६ च्या आवृत्तीत आली.

२०१८ च्या मार्चमध्ये फायरफॉक्सच्या रोजच्या चाचणी आवृत्तीत भाषेची स्वतःची फ्लॅटन घालून पाहिली गेली आणि निदान एक चांगलं चालतं संकेतस्थळ मोडलं. ते मूटूल्सवर उभं होतं.

ते का मोडलं हे मुळातून समजून घेण्यासारखं आहे. मूटूल्स भाषेच्या फ्लॅटनवर आपली फ्लॅटन लिहिते, म्हणजे ॲरेंना हवी तीच मेथड मिळत होती. अडचण पुढच्या पायरीला होती. पानावरच्या घटकांसाठी मूटूल्सचा आपला एक संग्रह आहे, आणि ॲरेच्या प्रोटोटाइपवरची नावं एकेक मोजत ती त्या संग्रहावर उतरवून घेते. भाषेच्या स्वतःच्या मेथड अशा मोजणीत दिसत नाहीत. तशी त्यांची घडणच असते. तिथे आधी नसलेलं नाव तुम्ही नव्याने लिहिलंत तर ते मोजणीत दिसतं. पण आधीपासून झाकलेल्या नावावर लिहिलंत तर किंमत बदलते, झाकण तसंच राहतं. आधी फ्लॅटन नव्हतीच, म्हणून मूटूल्सची मेथड मोजली जात होती. आता ब्राउझरने ते नाव झाकून आणलं, मूटूल्सने त्यावरच लिहिलं, मोजणीने त्याला वगळलं, आणि घटकांच्या संग्रहाला फ्लॅटन मिळालीच नाही. पानाच्या कोडने ती मागितली आणि काम थांबलं. मूटूल्स लिहिणाऱ्यांना किंवा ते पान बांधणाऱ्यांना हे आधी ओळखता येणं शक्य नव्हतं. समितीतल्या माणसांनीही काही गैर केलं नव्हतं.

समितीतल्या मायकेल फिकारा यांनी थट्टेत सुचवलं की नाव बदलून ‘स्मूश’ ठेवा. त्यावरून जगभरच्या प्रोग्रामरांमध्ये मोठा वाद पेटला. कित्येकांचा सूर असा होता की जुनी, टाकून दिलेली लायब्ररी, एखादं विस्मरणात गेलेलं पान, त्यासाठी सगळ्या जगाने वाकडं नाव का सोसायचं? तुटू द्या ते पान.

या युक्तिवादाला मी मनापासून विरोध करतो. ज्याने ते पान दहा-बारा वर्षांपूर्वी बांधलं तो माणूस कदाचित दुसऱ्या गावी, दुसऱ्या धंद्यात असेल. पानाच्या मालकाला मूटूल्स हे नावही माहीत नसेल. त्याने काहीही बदललेलं नाही. ब्राउझर एके रात्री आपोआप नवा झाला आणि सकाळी त्याचं दुकान बंद दिसलं, असं होणार. ज्याला त्या पानावर दवाखान्याची वेळ किंवा शाळेचा अर्ज शोधायचा आहे, त्याला तर काहीच कळणार नाही. दुरुस्त करायची शक्ती यांच्यापैकी कुणाकडेच नाही. शक्ती होती ती समितीकडे, आणि म्हणून माघार घेण्याची जबाबदारीही समितीचीच होती.

गुगल, ॲपल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्यांची माणसं त्या समितीत बसतात. मे २०१८ च्या बैठकीत त्यांनी फ्लॅटन हे नाव सोडून दिलं आणि ‘फ्लॅट’ हे नाव घेतलं. २०१९ च्या आवृत्तीत ते प्रमाण झालं. टाइपऑफ नलचं उत्तर सुधारायचाही प्रस्ताव याआधी एकदा आला होता. जुनी पानं तुटतात असं दिसल्यावर तोही मागे घेतला गेला.

आइक यांची घाई मी माफ करतो, कारण त्यांना दहा दिवस दिले होते आणि पुढचं कुणालाच दिसत नव्हतं. मूटूल्सच्या मुलांचा उत्साहही समजू शकतो. आज मात्र आपल्यासमोर हा सगळा इतिहास आहे. म्हणून पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत, बंगळुरूत, न्यू जर्सीत बसून रोज ही भाषा लिहिणाऱ्या मराठी मुलामुलींना माझी विनंती आहे, आणि त्यांना शिकवणाऱ्यांनाही. ॲरे डॉट प्रोटोटाइपवर एखादी मेथड ठेवली तर किती ओळी वाचतील असा मोह होईल, तेव्हा तिथे हात नेऊ नका. तेच काम करणारं एक साधं फंक्शन लिहा, त्याला हवं ते नाव द्या, आणि ते आपल्याच फाइलमध्ये ठेवा.